धर्मग्रामाचं गायनपुस्तक छापायचंय: हक्क कुणाचे, पैसे कुणाला?

पेटीवाली, भुसावळ

मंडळी, एक अडचण घेऊन आलेय. भुसावळला आमच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चला जोडलेल्या मंडळीच्या) चर्चमध्ये मी बावीस वर्षं पेटी वाजवतेय. आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनमंडळात, रेल्वे कॉलनीतली जुनी घरं आहेत, नगरकडून नोकरीला आलेली माणसं आहेत, गोव्याच्या दोन बहिणी आहेत आणि आता नवापूर-अक्कलकुव्याकडून शिकायला आलेली पोरंही आहेत. त्यामुळे मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतं. सणासुदीला मावची या आदिवासी बोलीतलं एखादं गाणंही होतं.

गाणी सगळी एका निळ्या फायलीत. एकूण २१४. काही सायक्लोस्टाइल, बाकी झेरॉक्सची झेरॉक्स. ‘पवित्र’ मधल्या ‘त्र’ चा काही पानांवर नुसता काळा ठिपका उरलाय. फादरांनी ठरवलं, आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या) आत पुस्तक करायचं, ३०० प्रती. मी फाइल घेऊन जळगावला प्रेसमध्ये गेले. तिथल्या दादांनी पानं चाळली आणि म्हणाले, ‘ताई, या इंग्रजी गाण्यांखाली बारीक अक्षरात कुणाकुणाची नावं आहेत. त्यांचं पत्र आणा, मग प्लेट काढतो.’

म्हणून अमेरिकेतल्या एका प्रकाशकाला मेल केला. उत्तर लगेच आलं, सभ्यही होतं. प्रती किती, विकणार की वाटणार, नुसते शब्द की स्वरलिपीसह, असं सगळं विचारलं होतं. शब्दांचे पैसे वेगळे, चालीचे वेगळे, तेही डॉलरमध्ये. एका गाण्याबद्दल तर लिहिलं होतं की चाल आमची आहे, शब्द आमचे नाहीत, ते दुसऱ्यांना विचारा.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. प्रार्थनेच्या शब्दांवर मालकी असते तरी कशी? आपण दर रविवारी गातो त्याचेही पैसे द्यायला हवेत का? आणि हे प्रकाशक आत नेमकं काय काम करतात, कशावर चालतात? कुणी या धंद्यात जवळून काम केलं असेल तर कृपा करून नीट सांगा. मला चोरी करून देवाचं गाणं छापायचं नाही, आणि पुस्तकही अडकवायचं नाही.

तापीकाठ, रावेर

ओ ताई, इतलं काय घाबरनं? देवनं गानं शे, त्याले परवानगी कसाले? आमच्याकडे भजनाची पुस्तकं यात्रेत ढिगानं मिळतात, कोण कुणाला विचारतंय! छापून टाका.

सूरलेखक, जळगाव

तापीकाठभाऊ, तुमचा जीव मोठा आहे, पण ताईंनी तसं करू नये. मी सांगतो.

पुण्यात एका ठिकाणी मी नऊ वर्षं परदेशी प्रकाशकांसाठी स्वरलिपी जुळवायचं काम केलं. त्यातलं निम्म्याहून जास्त काम कॅथलिक चर्चसंगीताचं होतं. संगीतकाराची वही यायची, कधी फिनाले किंवा सिबेलियस या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरची फाइल यायची. (फिनाले बनवणाऱ्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते बंद करायचं जाहीर केलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या पडद्यावर गेली.) एका गाण्याच्या चार-चार आवृत्त्या करायच्या: भाविकांसाठी नुसती चाल, कॉयरसाठी चार आवाज, ऑर्गनसाठी वेगळी, गिटारसाठी वेगळी. ऑर्गन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पान कुठे उलटेल त्यावरच तास जायचे. शब्दांची फोड सुराखाली बरोबर बसली पाहिजे. तीन-तीन मुद्रितं तपासायची.

पण सगळ्यात जास्त वेळ पानाच्या तळाची ती बारीक ओळ खायची. एका गाण्याचे चार मालक असू शकतात. शब्द एकाचे, भाषांतर दुसऱ्याचं, चाल तिसऱ्याची, स्वरयोजना (साथीच्या आवाजांची मांडणी) चौथ्याची. तिकडे परवानगीचा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथली माणसं दिवसभर हेच पाहतात. एकदा एक अख्खं पुस्तक एका ध्रुवपदाच्या परवानगीसाठी छपाईच्या दारात थांबलेलं मी पाहिलंय. तुम्हाला ‘शब्द आमचे नाहीत’ म्हणून कळवलं तो टाळाटाळीचा प्रकार नव्हता, तो प्रामाणिकपणा होता.

आता प्रार्थनेच्या शब्दांची मालकी. इंग्रजी मिस्साचे शब्द कुठल्या कंपनीचे नाहीत. मिस्साचं इंग्रजी भाषांतर करणारा आयसीईएल नावाचा आयोग १९६३ मध्ये इंग्रजी वापरणाऱ्या देशांच्या बिशपांनी मिळून स्थापन केला. भारताची बिशप परिषदही त्याची सभासद आहे. भाषांतराचे हक्क त्या आयोगाकडे असतात. प्रकाशक ते शब्द छापतो तेव्हा तोही तिथे पैसे भरतो. यामागे कमाईइतकंच दुसरंही एक कारण आहे: कुणीही उठून मिस्साचे शब्द आपल्या सोयीनं बदलू नयेत. तुमच्या कामाची एक गोष्ट सांगतो. मिस्साग्रंथातल्या साध्या, एकसुरी चाली आयसीईएलने मोफत उतरवून घेण्यासाठी ठेवल्या आहेत. इंग्रजी मिस्सासाठी त्या बघा, छान आहेत.

मक्त्याची गोष्ट तर याहून जुनी. जर्मनीत रेगेन्सबुर्गला पुस्टेट नावाचं छापखान्याचं घराणं होतं. ग्रेगोरियन गायनाची (चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाची) अधिकृत पुस्तकं छापायचा तीस वर्षांचा खास हक्क रोमने त्यांना दिला होता. त्या पुस्तकांतल्या चाली सतराव्या शतकात कापून-छाटून केलेल्या होत्या. त्याच वेळी फ्रान्समध्ये सोलेमचे मठवासी जुनी हस्तलिखितं ताडून मूळ चाली शोधत बसले होते. त्यांचं काम खरं, पण अधिकृत पुस्तक मात्र दुसऱ्याचं. १९०१ मध्ये मक्ता संपला. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतावर फर्मान काढलं आणि पुढे व्हॅटिकनने स्वतःची आवृत्ती केली. ती अटी पाळणाऱ्या कुठल्याही प्रकाशकाला छापता येत होती. सोलेमकरांनी त्यावर स्वतः दिलेल्या लयीच्या खुणा मात्र राखून ठेवल्या. म्हणजे सूर सगळ्यांचे आणि सुरांवरचे ठिपके-रेघा त्यांच्या! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर त्याचाच विचार करत होतो, कारण आम्हीही दिवसभर ठिपके-रेघाच तर घालत होतो.

साठच्या दशकात कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर मिस्सा लॅटिन सोडून लोकभाषेत आला. एका झटक्यात हजारो चर्चना नवी गाणी हवी झाली. पुस्तकं तयार नव्हती, झेरॉक्सचं यंत्र मात्र ऑफिसात येऊन बसलं होतं. तुमची निळी फाइल त्याच काळाची लेक आहे, ताई. अमेरिकेत एफईएल नावाच्या छोट्या प्रकाशकाने १९७६ मध्ये शिकागोच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांतावरच खटला भरला, की आमची गाणी धर्मग्रामांनी न विचारता छापून घेतली. १९८४ मध्ये ज्युरीने तीस लाख डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. अपिलात त्यातला मोठा भाग उडाला, पण धडकी सगळ्यांना भरली. आता तिकडे वर्षाचा परवाना घेतात. रविवारी सरासरी किती माणसं येतात त्यावर रक्कम ठरते आणि कुठलं गाणं किती वेळा छापलं ते कळवावं लागतं. त्यावरून पैसे वाटले जातात.

कशावर चालतात, विचारलंत. तिकडची मोठी प्रकाशनघरं दोन. पोर्टलंडची ओसीपी, मुळं १९२२ ची, ना-नफा तत्त्वावर चालते. शिकागोची जीआयए १९४१ मध्ये ग्रेगोरियन इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली, ती खाजगी कंपनी. लहान घरं मोठ्यांत जातात. फिनिक्सच्या एनएएलआरची गाणी सत्तरच्या दशकात घराघरांत होती, १९९४ मध्ये ती ओसीपीने घेतली. गाणं लिहिणाऱ्याचा हक्क करारानं एकदा प्रकाशकाकडे गेला की पुढे प्रकाशकच विकला गेला तर गाणंही नव्या घरी जातं. लिहिणाऱ्याला विक्रीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं. कॉयरची सुटी पानं काही शेकड्यांनी खपतात, त्यावर कुणाचं घर चालत नाही. घर चालतं दरवर्षी बदलणाऱ्या कागदावर. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, म्हणून वर्षाचं पातळ पुस्तक आगमनकाळात नवं येतं आणि जुनं टाकून देतात. धर्मग्राम ते वर्गणीनं घेतो. त्या पुस्तकात ज्या गाण्याला जागा मिळाली ते देशभर पाठ होतं, मग त्याच्याच कॉयर-प्रती, त्याच्याच सीडी. कुठलं गाणं वर्षभर गायलं जाईल हे एका टेबलाभोवती बसलेली सात-आठ माणसं ठरवतात. त्या टेबलाबद्दल मला आदर आहे आणि भीतीही वाटते.

वर्षानुवर्षं वापरायच्या जाड पुस्तकाचा भरवसा का नाही तेही पाहिलंय. २००८ मध्ये रोमहून पत्र आलं की देवाचं चार अक्षरी हिब्रू नाव उपासनेत उच्चारू नये. ज्या गाण्यांत ‘याहवे’ होतं त्यांचे शब्द बदलावे लागले. २०११ च्या आगमनकाळात अमेरिकेत मिस्साचं नवं इंग्रजी भाषांतर लागू झालं आणि ‘ग्लोरिया’ या मिस्सातल्या स्तुतिगानाचे शब्द बदलले. शब्द बदलले की अक्षरं बदलतात, अक्षरं बदलली की चाल मोडते. लोकांच्या ओठांवर बसलेल्या चाली पुन्हा शिवाव्या लागल्या. त्या काळात आम्ही रात्रपाळी केली.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण यासाठीच मी एवढं लिहायला बसलो. पुण्याला जायच्या आधी, १९९६ मध्ये, मी एका धर्मग्रामाचं पुस्तक जुळवून दिलं होतं. अकरा गाण्यांखाली नाव नव्हतं. मी विचारलं नाही. सरळ ‘पारंपरिक’ टाकलं, ओळ भरली, पान सुंदर दिसलं. पुढे कळलं की त्यातली दोन गाणी नवापूरकडच्या एका प्रचारक मास्तरांची होती. सायकलवर पाड्या-पाड्यांनी फिरून त्यांनी ती बसवली होती. कळलं तेव्हा ते गेलेले होते. परदेशातल्या एका ओळीच्या परवानगीसाठी पुस्तक थांबलेलं मी पाहिलं, आणि आपल्या मास्तरांचं नाव मी एका शब्दात पुसलं. ताई, त्या फायलीत ज्याच्याखाली नाव नाही असं प्रत्येक गाणं आधी विचारा. पत्र परदेशात नंतर पाठवा.

कोर्टकचेरी, धुळे

वकील आहे, प्रोटेस्टंट घरातला. कायद्यापुरतं सांगतो.

गाण्याची काळजी सोडा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए): खऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं सादर केलं तर हक्कभंग होत नाही. लग्नाच्या वरातीपर्यंत ती सूट जाते. अमेरिकेतही उपासनेत गाण्याला अशीच सूट आहे. पण सूट गाण्याला आहे, छापण्याला नाही. ३०० प्रती छापणं, पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं यात येत नाही. परदेशी गाण्यालाही इथे तेवढंच संरक्षण आहे. मिस्साचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर वर्षानुवर्षं ठेवणार असाल तर ‘विधीच्या ओघात’ या शब्दांवर विसंबून बसू नका.

मुदत: कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे शब्द कधीच मोकळे झाले. पण त्याच शब्दांना १९८० मध्ये कुणी नवी चाल लावली असेल तर ती चाल मोकळी नाही. दोन्ही वेगळं तपासा.

इथल्या गीतकारांकडून परवानगी घेताना साध्या कागदावर लिहून सही घ्या, तोंडी नको. पूर्ण हक्क लिहून मागू नका, नुसती छापायची परवानगी मागा. आणि ज्यांची गाणी कुणी मागतंय त्यांनीही लक्षात ठेवा: हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणून समोरचा माणूस ‘कायमचे, जगभर’ असे शब्द आवर्जून घालतो. ते शब्द दिसले की थांबा आणि विचार करा.

एक तुमच्याच घरचं. कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या) ८२६ व्या नियमाप्रमाणे प्रार्थनेच्या पुस्तकाला स्थानिक बिशपांची परवानगी लागते. भुसावळ नाशिक धर्मप्रांतात येतं. फादरांना सांगून नाशिकला अर्ज आधीच टाका, त्याला वेळ लागतो.

ढोलकरीण, तळोदा

सूरलेखकदादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आजोबांचीही गाणी अशीच ‘पारंपरिक’ झालीत.

आमच्याकडे पावरीत, मावचीत गाणी कागदावर नसतातच. लग्नाच्या किंवा होळीच्या जुन्या चालीवर कुणीतरी येशूच्या जन्माचे शब्द बसवतो, चाल थोडी वळवतो, बायका नाचता नाचता तिला ठेका देतात आणि ती पाड्याची होते. चार वर्षांपूर्वी बाहेरच्या एका स्टुडिओने आमच्या पोरांना बोलावलं, जेवण दिलं, दहा गाणी रेकॉर्ड केली. पुढच्या नाताळला आम्ही आमच्याच चर्चचा व्हिडिओ टाकला तर त्यावर त्या स्टुडिओचा दावा लागला. आमचंच गाणं, आमच्याच पोरीचा आवाज! आम्ही हरकत नोंदवली तेव्हा त्यांनी पुरावा मागितला. पुरावा काय देणार? आजी आहे, ती गाते, हाच पुरावा.

तेव्हापासून मी एक करते. मोबाइलवर आधी माणसाचं नाव, गाव, तारीख बोलून घेते. मग विचारते: शब्द कुणाचे, चाल कुठून आली, आधी त्या चालीवर काय गायचे. मग गाणं. जुनी लग्नाची चाल असेल तर ‘लग्नाची चाल, अमुक पाडा’ असं लिहायचं. ‘पारंपरिक’ म्हणजे कुणाचंच नाही असं नव्हे, त्या पाड्याचं आहे. पेटीवालीताई, तुमच्याकडे नवापूरची पोरं आहेत ना? सुट्टीत घरी जाताना त्यांना हे काम द्या. आया-आज्यांपुढे ती लाजणार नाहीत.

पेटीवाली, भुसावळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण फाइल उलगडली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार ढीग केले. जुनी, मोकळी झालेली ५८. मराठीतली, ज्यांचे गीतकार किंवा त्यांच्या घरचे सापडले ती ७१. इंग्रजी, परदेशी हक्कांची ३९. आणि कुणाचं नावच नाही अशी ४६.

त्या ३९ मधली वर्षभरात खरोखर गातो ती चौदाच निघाली. तेवढ्यांचीच परवानगी मागितली, नुसत्या शब्दांची, न विकण्याच्या प्रतींसाठी. बाकीची फाइलमध्येच राहतील. मराठी गीतकारांमध्ये एका निवृत्त सिस्टर आहेत. त्यांनी पोस्टकार्डावर परवानगी दिली आणि दुसऱ्या ओळीतला एक शब्द आम्ही वीस वर्षं चुकीचा गातोय तेही लिहिलं. मराठी मिस्साचे शब्द नाशिकहून आलेल्या अधिकृत प्रतीवरून पुन्हा टाइप केले.

पण आता ११२ नंबरबद्दल सांगते. मी ते गाणं नगरकडचं समजत होते. कॉयरमधल्या एका आजीबाई म्हणाल्या, ‘अगं, हे तर लोको शेडमधल्या फिटरचं.’ माणूस हयात आहे, वय ८७, कॉलनीतच मुलाकडे राहतो, ऐकायला कमी येतं. मी पेटी रिक्षात टाकून गेले. वाजवून दाखवलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं. आम्ही पांढरी एक पट्टीत गातो, त्यांनी बांधलेलं काळी चारमध्ये. आणि शेवटी आणखी एक अंतरा आहे, आम्ही कधीच न गायलेला. बायको गेली त्या वर्षी लिहिला होता, कुणाला दिला नाही म्हणाले. पत्र्याच्या पेटीतून वही काढून दाखवली. सूरलेखकदादा, तो अंतरा छापावा का? तो देवाशी फार रडून बोललाय. फादरांना भीती वाटते, रविवारच्या गाण्याला तो जड होईल.

सूरलेखक, जळगाव

ताई, त्यांना विचारा, फादरांना नाही. ते ‘छापा’ म्हणाले तर छापा, आणि अर्ज जाताना तो अंतराही नाशिकला जाऊ दे. कब्रस्तानातल्या प्रार्थनेला आपल्याकडे मराठी गाणी मोजकीच आहेत, तिथे तो बसेल. गाणं ११२ वरच ठेवा, अंतऱ्यापुढे फुली मारून खाली लिहा की हा मृतांसाठी. शब्द आणि चाल दोन्हींपुढे त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि वर्ष. पट्टी काळी चार लिहा, सोयीची करू नका.

स्वरलिपी मी जुळवून देतो, पैसे नकोत. वहीच्या पानाचा फोटो उजेडात काढून पाठवा. आणि शक्य असेल तर त्यांच्याच आवाजात एकदा रेकॉर्ड करा. आवाज चिरका असला तरी चालेल. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत ते श्वास कुठे घेतात ते मला ऐकायचंय, त्याशिवाय मात्रा लिहिता येणार नाही.

पेटीवाली, भुसावळ

उद्या चार वाजता जातेय. त्यांनी ‘छापा’ म्हणून सांगितलं. सुनेनं कळवलंय की सकाळपासून गुणगुणतायत.